कोल्हापूर–दुबई थेट विमान: परवानगी नेमकी कुठे अडते?

इचलकरंजीच्या एका कापड व्यापाऱ्यांचा हा प्रश्न आहे. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, नवं टर्मिनल झालं, रात्री विमान उतरायची सोय झाली, घोडावत समूहाची स्टार एअर तर आपल्याच भागातली कंपनी. मग दुबईला जायचं म्हटलं की अजून हायवेवरच्या तावडे हॉटेलच्या थांब्याला मुंबईच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत का उभं राहायचं? लहान विमान कंपनीला परदेशी उड्डाणाची परवानगी कोण देतं, आणि ती कुणी अडवून धरलीय का?

विमान कंपन्यांचे परवाने, वेळापत्रकं आणि त्यापायी दिल्लीला घालायचे हेलपाटे यातच माझी नोकरी गेली. उत्तर लांबणार आहे, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. कुणी काही अडवलेलं नाही. अडवायला आधी अर्ज यावा लागतो, आणि असा अर्ज करण्याच्या स्थितीत प्रादेशिक कंपन्या सहसा नसतात. का नसतात, ते बघू.

पहिली गोष्ट ताफ्याची. २००४ च्या अखेरीस केंद्र सरकारने नियम केला की भारतीय कंपनीने आधी पाच वर्षं देशात उडायचं, वीस विमानं जमवायची, मगच परदेशात जायचं. इंडिगोचं पहिलं विमान ऑगस्ट २००६ मध्ये उडालं आणि दुबईची सेवा सुरू झाली सप्टेंबर २०११ मध्ये. पाच वर्षांचा हिशेब तिथे स्पष्ट दिसतो. जून २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने पाच वर्षांची अट काढली, वीस विमानांची ठेवली. वीस विमानं किंवा एकूण क्षमतेच्या २० टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढं देशांतर्गत सेवेत लावलेलं असलं पाहिजे, तरच परदेश. अकासा एअरने ऑगस्ट २०२२ मध्ये सुरुवात केली, वर्षभरात विसावं विमान घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई–दोहा सुरू केलं. अकासाने पहिल्याच दिवशी बोईंगची मोठी ऑर्डर खिशात घेऊन सुरुवात केली होती, म्हणून ते एवढ्या लवकर जमलं.

प्रादेशिक कंपनीचं घोडं इथेच पेंड खातं. या अटीत विमान केवढं असावं हे लिहिलेलं नाही. सत्तर आसनांचं एटीआर असो की १८० आसनांचं एअरबस, मोजताना एकच. ऐकायला हे लहान कंपनीच्या सोयीचं वाटतं, प्रत्यक्षात उलटं आहे. कोल्हापूर, जळगाव, बिदर, कलबुर्गी अशा मार्गांवर चालणाऱ्या कंपनीला वीस विमानांना पुरतील इतके प्रवासी मिळायलाच कित्येक वर्षं जातात. प्रत्येक विमानाचं महिन्याचं भाडं डॉलरमध्ये असतं आणि तिकिटाचा पैसा रुपयात येतो. आणि ज्या मार्गावर पैसा सुटतो तो परदेशी मार्ग वीस विमानं होईपर्यंत बंद. माझं मत विचाराल तर विसाचा आकडा आता जुना झालाय. मोठ्या कंपन्यांनी देशातली लहान गावं वाऱ्यावर सोडून आखाताच्या मागे धावू नये, हा त्यामागचा हेतू होता. जी कंपनी मुळातच लहान गावांना जोडते तिला या हेतूतून सूट द्यायला काय हरकत आहे? पण नियम आज जसा आहे तसाच धरून बोलू.

याच्याही आधी एक गोष्ट तपासायची असते: कंपनीचा परवाना कोणत्या वर्गातला आहे? शेड्यूल्ड (ठरलेल्या वेळापत्रकाने उडणारी), शेड्यूल्ड कम्यूटर आणि नॉन-शेड्यूल्ड हे वेगवेगळे परवाने आहेत. कम्यूटर वर्ग उडानसारख्या (लहान शहरं जोडणारी केंद्राची योजना) छोट्या देशांतर्गत मार्गांसाठी, कमी भांडवलात सुरू करता यावं म्हणून आला. परदेशी नियमित सेवेचा विचार असेल तर पूर्ण शेड्यूल्ड परवाना घेण्यापासून सुरुवात. वर्तमानपत्रात 'अमुक कंपनी लवकरच परदेशात' अशी बातमी आली की मी आधी हेच बघतो.

समजा, वीस विमानं झाली. पुढचा अडथळा ना कंपनीच्या हातात, ना डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या. १९४४ च्या शिकागो कराराच्या सहाव्या कलमाप्रमाणे कोणतीही नियमित आंतरराष्ट्रीय सेवा दुसऱ्या देशाच्या खास परवानगीशिवाय चालवता येत नाही. म्हणून देश आपसात करार करतात आणि दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला किती जागा किंवा किती फेऱ्या, हे ठरवतात. दुबईबरोबरचा कोटा २०१४ मध्ये आठवड्याला सुमारे ६५ हजार जागांवर नेला. पुढे अनेक वर्षं दुबईने तो वाढवून मागितला, पण दिल्लीने दिला नाही. आपल्या कंपन्यांचं लांब पल्ल्याचं गिऱ्हाईक दुबईमार्गे युरोप-अमेरिकेला जातं, ही दिल्लीची जुनी तक्रार. कोटा दोन्ही बाजूंनी जवळपास भरलेला. भारताच्या वाट्याच्या जागा नागरी विमान मंत्रालय आपल्या कंपन्यांना वाटून देतं आणि वापरल्या नाहीत तर काढून घेतं. म्हणजे आपल्या प्रादेशिक कंपनीने अर्ज केला तरी दुबईच्या नावावर द्यायला मंत्रालयाकडे फारसं काही उरलेलं नसतं. शारजा आणि अबू धाबी यांचे कोटे दुबईपेक्षा वेगळे आहेत, हे मात्र लक्षात ठेवा. गिऱ्हाईकाला दुबई म्हणून शारजाला उतरवणं आपल्याकडे नवीन नाही.

एक समज इथेच दूर करतो. 'फ्लायदुबई किंवा एअर अरेबियाला कोल्हापूरला बोलवा' असं दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी बोलतं. परदेशी कंपनी भारतात फक्त करारात नाव असलेल्या शहरांतच उतरू शकते. त्याला पॉइंट ऑफ कॉल म्हणतात आणि त्या यादीत कोल्हापूर नाही. भारतीय कंपनीला मात्र देशातल्या कोणत्याही योग्य विमानतळावरून उडता येतं. केरळातल्या कण्णूरचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेला विमानतळ, तीन किलोमीटरची धावपट्टी, घरटी एक माणूस आखातात. तरी परदेशी कंपन्यांना तिथे उतरायला मिळावं म्हणून केरळ सरकार, खासदार, विमानतळाची कंपनी वर्षानुवर्षं दिल्लीचे उंबरे झिजवत राहिले आणि तिथली आखाती सेवा भारतीय कंपन्यांवरच चालली. कण्णूरला जे मिळालं नाही ते कोल्हापूरला आधी मिळेल, ही आशा सोडून द्या.

आता जागा मिळाल्या असंही धरू. मग भारत सरकार त्या कंपनीचं नाव दुसऱ्या देशाला अधिकृतपणे कळवतं. त्या देशाचं विमान प्राधिकरण कंपनीची मालकी भारतीयांच्या हातात आहे का, विमा पुरेसा आहे का, सुरक्षेचा आराखडा आहे का, हे तपासून आपला परवाना देतं. शिवाय तिथल्या विमानतळावर स्लॉट हवा. दुबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरायची वेळ मोसमाआधी साधारण पाच महिने मागावी लागते. मोसम दोनच: उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारपासून, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. नवख्या कंपनीला पहाटे तीनसारखी, दुसऱ्या कुणाला नको असलेली वेळ मिळते. तेव्हा कोल्हापूरचा विमानतळ किती वाजता उघडा असतो, रात्री हवाई नियंत्रण कक्षात माणूस असतो का, हा प्रश्न येतो. रात्रीच्या दिव्यांची मंजुरी असणं वेगळं आणि रात्रभर विमानतळ चालू ठेवणं वेगळं. रात्रभर चालू ठेवायला माणसांचे पगार लागतात.

विमानाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या बाजूवर कुणी बोलत नाही. स्टार एअरकडे ५० आणि ७६ आसनांची एम्ब्रेअर जेट आहेत. त्यांतलं ७६ आसनांचं ई१७५ घेऊ. कोल्हापूर ते दुबई सरळ रेषेत साधारण २,२०० किलोमीटर. एवढा पल्ला या विमानाला जमतो. एटीआर ७२ भरलेलं असेल तर जमत नाही, त्यामुळे ज्या कंपनीकडे फक्त एटीआर आहेत तिच्यासाठी दुबईचा विषय इथेच संपतो. पण ई१७५ ला पल्ला जमला तरी काम झालं असं नाही. कंपनीच्या एअर ऑपरेटर सर्टिफिकेटला (विमानं चालवायच्या परवान्याला) जोडून 'ऑपरेशन्स स्पेसिफिकेशन्स' नावाची पानं असतात. कोणतं विमान, कोणत्या भागात, कोणत्या खास मंजुरीने उडेल ते त्यात लिहिलेलं असतं. देशात बेंगळुरू–कोल्हापूर–मुंबई करणाऱ्या कंपनीच्या पानांवर अरबी समुद्र नसतो. तो आणायचा तर समुद्रावरच्या मार्गांसाठी लागणाऱ्या नेव्हिगेशनच्या अचूकतेची मंजुरी, किनाऱ्यापासून लांब गेल्यावर साधा व्हीएचएफ रेडिओ पोचत नाही म्हणून एचएफ संच, लाइफ जॅकेट, एका मर्यादेपलीकडे फुगवायच्या होड्या, आणि या सगळ्याचं वैमानिकांना व केबिन क्रूला प्रशिक्षण. दोन इंजिनांचं विमान एक इंजिन बंद पडल्यावर साठ मिनिटांत कुठे उतरू शकेल, हेही नकाशावर आखून दाखवावं लागतं. साठ मिनिटांच्या बाहेर जाणारा मार्ग असेल तर त्याची वेगळी मंजुरी. देशांतर्गत सेवेसाठी भाडेपट्ट्यावर आणलेल्या विमानात एचएफ नसेल तर ते बसवायला विमान हँगरमध्ये उभं करावं लागतं. ताफाच लहान असेल तर त्या दिवसांत कोल्हापूर–मुंबईची फेरी कोण करणार?

हे सगळं अवघड आहे, अशक्य नाही. इथे डीजीसीएशी काम करताना मला एकच नियम दिसला: कागद पूर्ण असेल तर काम पुढे जातं, आणि ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये लिहिलेलं व प्रत्यक्ष विमानात असलेलं यांत फरक सापडला तर मागचं सगळं पुन्हा तपासलं जातं. परदेशातल्या विमानतळावर विमानाची तपासणी कोण करणार, सुटा भाग कुठून येणार, चाक पंक्चर झालं तर जॅक कुणाचा, हे करारासकट दाखवावं लागतं. मोठ्या कंपनीला हे रोजचं असतं. लहान कंपनीत हे सगळं करणारी माणसं तीच असतात जी सकाळी तिरुपतीच्या विमानाला उशीर का झाला याचं उत्तर देत असतात.

आता आपल्या विमानतळाकडे. कोल्हापूरचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. इमारत देखणी आहे, दगडी कमानींनी कोल्हापूरचा बाज राखलाय. पण आंतरराष्ट्रीय सेवेला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी इमारतीच्या दर्शनी भागात नसतात. कस्टम्स कायदा, १९६२ च्या सातव्या कलमाखाली विमानतळ 'कस्टम्स विमानतळ' म्हणून अधिसूचित व्हावा लागतो. ते काम अर्थ मंत्रालयाचं. इमिग्रेशनची चौकी गृह मंत्रालयाची. आरोग्य तपासणीची व्यवस्था आरोग्य मंत्रालयाची. सुरक्षेचा आराखडा नागरी विमान सुरक्षा ब्युरोकडून मंजूर व्हायचा. म्हणजे जे मंत्रालय 'हो' म्हणून भाषणात जाहीर करतं त्याच्या हातात यातलं निम्मंच असतं.

एका मध्यम विमानतळावर, नाव नको, अशा संयुक्त पाहणीला मी कंपनीच्या बाजूने हजर होतो. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी टर्मिनलचा नकाशा टेबलावर पसरला आणि पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या. एक परदेशातून उतरलेल्या प्रवाशाची, दुसरी देशांतर्गत विमानाला निघालेल्या प्रवाशाची. दोन्ही रेघा स्वच्छतागृहाच्या दारापाशी एकमेकींना छेदून गेल्या. 'इथे दोघे भेटतात,' एवढंच ते म्हणाले आणि पेन्सिल खिशात ठेवली. सोन्याचं बिस्किट हातोहात देण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पुढचे कित्येक महिने भिंत कुठे घालायची यावर पत्रव्यवहार चालला. लहान टर्मिनलमध्ये सगळ्यांना एकच दालन वापरावं लागतं, आणि अडचण त्यातूनच निर्माण होते. दुबईहून आलेलं तेच विमान पुढे मुंबईला देशांतर्गत म्हणून जाणार असेल तर त्याचा दर्जा बदलावा लागतो, पूर्ण तपासणी होते, टाकीत उरलेल्या इंधनाचाही कस्टम्सला हिशेब द्यावा लागतो. लहान कंपनीला तर तेच विमान दिवसभर फिरवायचं असतं.

या सगळ्यात एक गाठ आहे. कस्टम्स आणि इमिग्रेशन म्हणतात, आधी विमान कंपनीचं पक्कं वेळापत्रक दाखवा, मग माणसं देतो; आठवड्याच्या दोन विमानांसाठी आम्ही कायमची पदं कशी अडकवायची? कंपनी म्हणते, आधी अधिसूचना येऊ द्या, मग तिकिटं विकतो. ही गाठ सुटलेली उदाहरणं बघितली तर प्रत्येक ठिकाणी एखादं सरकार मध्ये पडलेलं दिसतं. अलायन्स एअरने नोव्हेंबर २०१९ मध्ये चेन्नई–जाफना सेवा एटीआर ७२ ने सुरू केली. प्रादेशिक कंपनीने परदेशात उडण्याचं आपल्याकडचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण. पण ती तेव्हा एअर इंडियाची उपकंपनी होती, आणि जाफनाचा विमानतळ सुरू करणं हा दोन्ही सरकारांचा राजकीय निर्णय होता. कोविडमध्ये सेवा थांबली, डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. दुसरं उदाहरण आसामचं. आंतरराष्ट्रीय उडान योजनेत राज्य सरकारने रिकाम्या जागांचा तोटा भरून द्यायची तयारी दाखवली आणि जुलै २०१९ मध्ये स्पाइसजेटचं गुवाहाटी–ढाका सुरू झालं. ती सेवा टिकली नाही. अनुदान पहिलं उड्डाण करून देतं, पाचशेव्या उड्डाणाला खरा प्रवासी लागतो.

आणि तिसरं उदाहरण कुशीनगरचं, ते आपल्या पुढाऱ्यांनी मुद्दाम बघावं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून उद्घाटन, पहिलं विमान कोलंबोहून भिक्खूंना घेऊन आलं. त्यानंतर तिथे नियमित परदेशी सेवा उभी राहिली नाही. पाटीवर 'आंतरराष्ट्रीय' लिहून घेणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

कोल्हापूरचं स्वतःचं एक दुखणं आहे ते धावपट्टीचं. मूळची १,३७० मीटर, नंतर टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, २,३०० मीटरपर्यंत न्यायची योजना आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. मे महिन्यात दुपारी तापलेल्या विरळ हवेत विमानाला जमीन सोडायला जास्त अंतर लागतं. धावपट्टी कमी पडली की वजन उतरवावं लागतं, आणि दुबईचं इंधन भरल्यावर उतरवायला उरतात ती माणसं आणि बॅगा. उडानच्या प्रवाशाची एक पंधरा किलोची बॅग असते. आखातात निघालेला माणूस तीस किलो सामान आणि वर गूळ, चटणी, लोणच्याचा डबा घेऊन येतो. ७६ आसनांच्या विमानात पन्नास-पंचावन्न माणसं बसवून दुबई करायची म्हटली तर तिकिटाचा दर मुंबईच्या दीडपट होईल आणि मग तुम्हीच पुन्हा तावडे हॉटेलला जाल. पूर्ण लांबीची धावपट्टी झाली आणि अग्निशमनाचा दर्जा पुरेसा ठेवला, तर ए३२० सारखं विमान येऊ शकतं. तसं झालं तर माझा अंदाज आहे की कोल्हापूरचं पहिलं आखाती विमान प्रादेशिक कंपनीचं नसेल. वीस विमानांची अट आधीच ओलांडलेल्या, आखातात जागांचा कोटा असलेल्या मोठ्या भारतीय कंपनीचं असेल. घरच्या कंपनीच्या अभिमानाला हे रुचणार नाही, पण हिशेब तसाच येतो.

मग घरच्या कंपनीने करावं काय? माझ्या मते दुबईचा नाद सोडून मुंबई आणि बेंगळुरूच्या वेळा पकडाव्यात. कोल्हापूरचं विमान रात्रीच्या परदेशी उड्डाणाच्या तीन-चार तास आधी पोचलं, मोठ्या कंपनीशी इंटरलाइन करार (एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं) झाला आणि बॅग उजळाईवाडीला दिली ती थेट दुबईला मिळाली, तर जाताना प्रवाशाचा निम्मा त्रास तिथेच संपतो. येताना मुंबईला बॅग घेऊन कस्टम्स करावंच लागेल, त्याला इलाज नाही. याला वीस विमानं लागत नाहीत, कोटा लागत नाही, कस्टम्सची भिंतही लागत नाही. दोन कंपन्यांमधला करार आणि वेळापत्रकातला तासाभराचा बदल लागतो. यासाठी कुणी मोर्चा काढलेला मात्र मी पाहिला नाही.

तुमच्या संघटनेसाठी एक काम सांगतो. मंत्रालयाला निवेदन देताना 'कोल्हापूर ही शाहू महाराजांची नगरी, उद्योगनगरी' यापासून सुरुवात करू नका. तिथे रोज प्रत्येक शहर नगरीच असतं. इचलकरंजीचे कापडवाले, हुपरीचे चांदीवाले, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, सांगलीचे द्राक्ष आणि बेदाणा व्यापारी यांच्याकडून गेल्या वर्षीची परदेश प्रवासाची बिलं मागवा. कोणत्या महिन्यात, कोणत्या शहराला, किती माणसं, कोणत्या विमानतळावरून, काय दराने. स्थानिक ट्रॅव्हल एजंटांकडे हे सगळं संगणकात पडून असतं. त्यातले किती जण गोव्यातल्या मोपा विमानतळाला जातात आणि किती मुंबईला, हेही वेगळं काढा, कारण आंबोलीचा घाट उतरून मोपाला जाणारा प्रवासी कमी दराच्या तिकिटासाठी जातो आणि तो कोल्हापूरचं महाग विमान घेणार नाही. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने शहरातली वाहतूक ओलांडायचा वेळही वाचतो, म्हणून तुलना आता त्याच्याशी करावी लागेल. हा तक्ता मंत्रालयाबरोबर मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्क प्लॅनिंग विभागालाही पाठवा. मार्ग तिथे ठरतात, मंत्रालयात नंतर फक्त मंजूर होतात. पत्र ऑगस्टच्या आत गेलं तर पुढच्या उन्हाळी वेळापत्रकाच्या चर्चेत ते कुणाच्या तरी टेबलावर असेल.